कळ, अक्षर आणि हुकूम



ज्यांच्या स्मरणार्थ शिरूरची ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी जन्मभर टंकलेखन शिकविले. त्यांच्या हाताखाली बोटे वळविलेली मंडळी आज मामलेदार कचेरीत, साखर कारखान्यांच्या हिशेबखात्यांत, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पसरलेली आहेत, आणि त्यांपैकी काही या क्षणी समोर बसलेलीही मला दिसत आहेत. अशा व्यासपीठावरून संतसाहित्यावर किंवा सहकारावर बोलणारे अधिकारी वक्ते पूर्वी होऊन गेले; मी मात्र गुरुजींच्या धंद्यातलाच, पण त्यांच्या यंत्राच्या पोटात न दिसणारा असा विषय निवडला आहे. संगणकावर आपण एक कळ दाबतो; तेथून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत काय काय घडते, आणि कळ दाबल्याच्या वर्दीची दखल आज्ञावलीने, म्हणजे ज्याला आपण सरसकट प्रोग्राम म्हणतो त्याने, कशी घ्यावी?

माझे म्हणणे थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे, आणि ते आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची एस.टी. गाठावयाची आहे त्यांची गैरसोय होणार नाही. कळ, अक्षर आणि हुकूम या तीन भिन्न वस्तू आहेत. ज्या आज्ञावलीच्या कर्त्याने या तिहींची गल्लत केली, त्याच्या गफलतीचा भुर्दंड इंग्रजी लिहिणाऱ्याला क्वचित आणि मराठी लिहिणाऱ्याला नित्य भरावा लागतो. बाकीचे सारे व्याख्यान याच विधानाची फोड आहे.

ही गल्लत उपजली कोठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनच्या आवारात छापखाना चालविला, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी स्वतः केलेले बायबलाचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांच्या हातांनी जुळविले जाऊन छापले गेले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या आणि समग्र ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्या जुळणी करणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने केसमधून उचललेला खिळा म्हणजेच अक्षर होते. बोटांना जे लागले तेच कागदावर उमटणार, आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधीच बसवावयाची, यात विचार करण्यासारखे काही नव्हते. पुढे टंकयंत्र आले, १९५५ साली गोदरेजने भारतात घडविलेले यंत्र पुढे आणले, १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर कचेऱ्याकचेऱ्यांतून मराठी टंकलेखकांची निकड भासू लागली, आणि तालुक्यातालुक्यांत टायपिंगचे वर्ग निघाले. तेथेही कळ आणि अक्षर यांच्यामध्ये एक पोलादी दांडी होती. कळ दाबली की दांडी उचलायची आणि फितीवर आपटायची. दांडीच्या टोकाला जे कोरलेले असे तेच उमटे. त्यात कोणी तिऱ्हाईत नव्हता, शंकेला जागा नव्हती.

संगणकाने ती दांडी काढून टाकली. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचे सर्व आपोआप उलगडते.

आपल्या टेबलावरच्या कळफलकाला मराठी येत नाही, हे तर सर्वांना मान्य होईल. परंतु त्याला इंग्रजीही येत नाही, हे सांगितले म्हणजे पुष्कळांना आश्चर्य वाटते. त्याला केवळ जागा कळतात. त्याच्या पोटातील एक चिमुकली चिप आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यावरून अखंड फेरी मारीत असते, कोणत्या दोन तारा एकमेकींस भिडल्या ते पाहते, धातूचे स्पर्श पहिले काही मिलिसेकंद थरथरतात म्हणून ती थरथर ओसरेपर्यंत थांबते, आणि मग त्या जागेचा क्रमांक पुढे धाडते. १९८१ च्या आय.बी.एम. संगणकापासून चालत आलेल्या आणि विंडोजने आजही पाळलेल्या गणतीप्रमाणे, ज्या कळेवर इंग्रजी ‘के’ छापलेला असतो तिचा क्रमांक ३७. बोट उचलले की दुसरी वर्दी जाते, ती १६५ ची; कारण सुटल्याची खूण म्हणून मूळ क्रमांकात १२८ मिळविलेले असतात. दाबणे ही एक घटना आणि सोडणे ही दुसरी. दौंड जंक्शनच्या तारमास्तराला हे निराळे शिकवावे लागले नसते. १८७८ मध्ये मनमाडचा मार्ग दौंडला येऊन मिळाला त्या काळापासून, कळ किती वेळ दाबली आणि केव्हा सोडली यावरच त्याचा सारा व्यवहार चालत होता. टंकयंत्राच्या पिढीने मात्र सोडण्याकडे दुर्लक्ष केले, कारण सोडण्याने काही उमटत नसे.

आता ही वर्दी जाते कोठे? पूर्वीच्या, काळ्या पडद्याच्या आज्ञावल्या कळफलकापाशी जाऊन विचारीत, ‘काही आले आहे काय?’, आणि येईपर्यंत तेथेच बसून राहत. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत १९७३ साली आल्टो नावाचे यंत्र तयार झाले, १९८४ साली मॅकिंटॉश आणि १९८५ साली विंडोज बाजारात आले, आणि पडद्यावर खिडक्या, चित्रे, माउसचा बाण हे सारे एकदम नांदू लागले; तेव्हा अशी एकाच दारात धरणे धरून बसण्याची पद्धत निरुपयोगी ठरली, कारण पुढची हालचाल कळेची होणार की माउसची, की घड्याळाची, हे कोणास सांगता येणार? म्हणून नवी रीत पडली. श्रोतेहो, ही रीत आपल्या मामलेदार कचेरीस फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. कचेरीत येणारा प्रत्येक कागद, मग तो फेरफाराचा अर्ज असो की पाणंदीच्या रस्त्याची तक्रार, प्रथम बारनिशीत नोंदला जातो, आलेल्या क्रमाने त्यास क्रमांक पडतो, आणि मग ज्या कारकुनाचा तो विषय त्याच्या टेबलावर तो जातो. संगणकाची मूळ प्रणाली ही बारनिशी राखते. आज्ञावली आपल्या परीने एकच काम पुनःपुन्हा करते: वरचा कागद उचलावा, तो वाचावा, ज्याचा त्यास द्यावा, आणि पुढच्या कागदासाठी परत यावे. कागद नसेल तेव्हा तिने स्वस्थ बसावे. हे स्वस्थ बसणे आज्ञावलीच्या सद्गुणांत मोडते; नव्याने लिहू लागलेली मुले तिला उगाच पळवीत ठेवतात आणि मग यंत्र तापते.

परंतु टेबलावरच्या कारकुनाने एकच कागद तासभर उराशी धरून ठेवला तर? एका कचेरीत मी पाहिलेला प्रकार सांगतो. उतारा छापण्यासाठी बाईंनी एंटर दाबला. पडदा ढिम्म. रांगेतला शेतकरी त्यांच्याकडे पाहतो आहे, बाहेर गाडी उभी आहे, बाईंनी पुन्हा एंटर दाबला, आणि मग वैतागून आणखी एकदा. मिनिटभराने यंत्राला जाग आली आणि छपाईयंत्रातून त्याच उताऱ्याच्या तीन प्रती एकापाठोपाठ बाहेर पडल्या. बाईंची चूक काय? काहीच नाही. वर्द्या हरवल्या नव्हत्या. त्या बारनिशीत रीतसर पडून होत्या. दोष आज्ञावलीच्या कर्त्याचा, ज्याने कळेची वर्दी घेणाऱ्या टेबलावरच दूरच्या संगणकाकडून दप्तर मागविण्याचे लांबलचक काम लावून दिले. वर्दी घेणाऱ्याने दखल घ्यावी, जड काम दुसऱ्या हातास सोपवावे, ‘काम चालू आहे’ असे पडद्यावर सांगावे, आणि ते पुरे होईतो छपाईचा दुसरा हुकूम नाकारावा. हा नियम जावा या संगणकभाषेत, विंडोजवर, लिनक्सवर, सगळीकडे सारखाच लागू आहे.

दुसरा प्रश्न, अनेक खिडक्या उघड्या असताना कळ कोणाची? एका वेळी एकाच खिडकीकडे, आणि त्या खिडकीतल्या एकाच रकान्याकडे, कळफलकाचा ताबा असतो. संगणकवाले त्यास फोकस म्हणतात. हा ताबा कोणाकडे आहे ते वापरणाऱ्याला दिसले पाहिजे, आणि त्याच्या इच्छेवाचून तो हलता कामा नये. आपण खातेदाराचे नाव लिहीत असावे आणि मध्येच उपटलेल्या एखाद्या सूचनेच्या खिडकीने ताबा हिसकावून आपला स्पेसबार ‘होय’ म्हणून घ्यावा, याला दांडगाईच म्हटले पाहिजे. येथेच सोडण्याच्या वर्दीची गंमत दिसते. कळ दाबून धरलेली असताना खिडकी बदलली, तर सुटल्याची वर्दी दुसऱ्याच खिडकीकडे जाते आणि पहिलीला वाटते, की बोट अद्याप कळेवरच आहे. खेळातली मोटार भिंतीवर आपटत राहते ती यामुळे. ताबा सुटताच सर्व कळा सुटल्या असे धरून चालणे हाच यावर उपाय, आणि तो एका ओळीचा आहे. सर्वच खिडक्यांच्या कळा चोरून ऐकणाऱ्या आज्ञावल्याही असतात. त्यांबद्दल एवढेच सांगतो, की अनोळखी दुकानातील संगणकावर बँकेचा परवलीचा शब्द टाकू नका.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘के’च्या जागेची कळ दाबली. जागेचा क्रमांक ३७. प्रणाली त्यास कळेचे एक नाव देते, विंडोजच्या यादीत ते नाव ७५. आणि चालू असलेली कळांची मांडणी इनस्क्रिप्ट ही देवनागरीची असेल, तर प्रणाली त्यातून ‘क’ हे अक्षर निर्माण करते, ज्याचा युनिकोड या अक्षरसंकेतातील क्रमांक २३२५. सदतीस, पंचाहत्तर, तेवीसशे पंचवीस: एकाच बोटाच्या एकाच दाबाला तीन आकडे, आणि तिन्ही खरे! पहिला जागेचा, दुसरा कळेचा, तिसरा अक्षराचा. प्रणाली कळ दाबल्याची वर्दी वेगळी देते आणि अक्षर तयार झाल्याची वर्दी वेगळी देते. जावातही दाबली, टंकित झाली आणि सोडली अशा तीन निरनिराळ्या घटना आहेत. ज्याला मजकूर हवा त्याने अक्षराच्या वर्दीकडे पाहावे, कळेच्या नव्हे. इतके साधे असताना लोक कळेकडे का पाहतात? कारण इंग्रजीत ‘के’चे नाव ७५ आणि मोठ्या ‘के’ अक्षराचा क्रमांकही ७५ च. हा योगायोग इंग्रजी लिहिणाऱ्यास सुखाचा आणि आपणास घातक ठरला आहे.

एक प्रयोग आपण घरी करू शकता. इनस्क्रिप्ट मांडणी लावून ‘शिरूर’ लिहा. शिफ्ट दाबून ‘एम’च्या जागी श, मग ‘एफ’वर पहिली वेलांटी, ‘जे’वर र, ‘टी’वर दुसरा उकार, पुन्हा ‘जे’. शिफ्ट धरून सहा कळा दाबल्या गेल्या, सहा सुटल्या, आणि पाच वर्ण निपजले. म्हणजे आपल्या गावाच्या या तीन अक्षरांसाठी आज्ञावलीकडे सतरा वर्द्या गेल्या. वेलांटी श च्या नंतर आली, हेही पाहा. गुरुजींच्या विद्यार्थ्यांना प्रथम येथेच अडखळायला होते, कारण रेमिंग्टन टंकयंत्राच्या सवयीने बोट आधी वेलांटीकडे धावते. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ठरविले तेव्हा उच्चाराचा क्रम प्रमाण मानला, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. बोटांना महिनाभर त्रास होतो, पण शोध, क्रमवारी आणि साठवण ही तिन्ही सरळ होतात. आता ‘दौंड’ लिहा: द, दोन मात्रांचा काना, अनुस्वार, ड. वर्ण चार, डोळ्यांस दिसणारी अक्षरे दोन. बाणाच्या कळेने मागे या, दोन उड्यांत आरंभाला पोहोचाल. पण विंडोजवरील बहुतेक लेखनपटांत बॅकस्पेसने पुसू लागलात, तर चार वेळा दाबावे लागेल, आणि ते योग्यच आहे, कारण केवळ अनुस्वार चुकला असता सबंध ‘दौं’ पुसला जावा अशी कोणाचीही इच्छा नसते. आणि ‘क्ष’? शिफ्ट आणि सात. एक कळ, वर्ण मात्र तीन येतात: क, हलन्ताची खूण आणि ष. एका कळेला एक वर्ण हा हिशेब मनात धरून बसलेली आज्ञावली येथे सपशेल आपटते.

याचे प्रत्यक्ष परिणाम पाहा. गट क्रमांकाच्या रकान्यात केवळ अंक यावेत म्हणून एखादा कर्ता कळेचे नाव तपासतो, ४८ ते ५७ असेल तर आत येऊ द्यावे. साताच्या कळेचे नाव ५५, शिफ्ट धरलेली असो वा नसो. मग शिफ्टसह सात दाबताच गट क्रमांकाच्या रकान्यात ‘क्ष’ ऐटीत विराजमान होतो! उलट, नावाच्या रकान्यात अक्षराचा क्रमांक ६५ ते ९० किंवा ९७ ते १२२ असल्यासच प्रवेश, असा पहारा बसविला, की समग्र देवनागरी दाराबाहेर राहते. अंकांच्या रकान्यातही असाच इंग्रजी अंकांपुरता पहारा असेल आणि मांडणीने देवनागरी अंक दिला, तर २४०६ पासून पुढचे ते दहा अंकही परत फिरतात. ‘दुसऱ्या’ किंवा ‘न्हावऱ्याचा’ लिहिताना शिफ्टसह ‘जे’वरचा ऱ लागतो, तो ज्या आज्ञावलीच्या यादीत नाही, तिच्या पडद्यावर भलताच रफार चढतो.

या दुखण्यावर आपल्याच लोकांनी काढलेल्या तोडग्यांविषयी आदराने बोलले पाहिजे. शिरूर-दौंडातील लग्नपत्रिकांच्या आणि फ्लेक्सच्या दुकानांत ज्यांनी पेजमेकरवर रात्री जागविल्या त्यांना आठवत असेल: पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आय.एस.एम., आकृती. आज्ञावलीला मराठी समजत नाही म्हटल्यावर या मंडळींनी कळ आज्ञावलीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाटेत अडविली आणि तिच्या जागी आपल्या फाँटमधील तुकड्यांचे क्रमांक पुढे केले. श नंतर वेलांटी आली, तर असा काही चालक गुपचूप बॅकस्पेसची खोटी वर्दी पाठवून श पुसायचा, वेलांटी घालायचा आणि श परत लिहायचा. बिचाऱ्या पेजमेकरला वाटे, की वापरणाराच खोडाखोड करतो आहे. युक्ती विलक्षण होती, आणि तिने मराठीची छपाई पंधरा-वीस वर्षे तगविली. पण किंमतही पडली: फाइलीत मराठी नव्हतेच, फाँट बदलला की लग्नपत्रिकेतील मुहूर्ताचे इंग्रजी चिन्हांचे कडबोळे होई, आणि तो मजकूर शोधता येईना की क्रमवारीत लावता येईना. विंडोज २००० पासून प्रणालीलाच देवनागरी कळू लागली, तेव्हा वाटेत उभ्या राहणाऱ्या या मध्यस्थाची गरज संपली. तरी जुन्या फायलींच्या मोहाने तो काही दुकानांत अजून नांदतो आहे.

इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिण्याची रीत, जी तरुणांनी सर्रास स्वीकारली आहे, तिच्यात आणखी एक पेच आहे. तेथे शब्द काही काळ कच्चा असतो. खाली रेघ ओढलेली, बाजूला पर्यायांची यादी, आणि एंटरने पर्याय पक्का करावयाचा. हा एंटर अर्ज दाखल करण्याचा एंटर नव्हे. कच्च्या मजकुराचा आरंभ, बदल आणि समाप्ती यांच्या वर्द्या प्रणाली स्वतंत्रपणे देते. त्या न पाहता आज्ञावलीने एंटर दिसताच अर्ज पुढे ढकलला, तर वडिलांचे नाव अर्धेच राहून अर्ज दाखल होतो, आणि दुरुस्तीसाठी तालुक्याला दुसरी खेप पडते.

हुकुमाविषयी मात्र थोडक्यात. कंट्रोल धरून ‘एस’ म्हणजे साठवा. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळेवर एक मात्रा आहे. येथे आज्ञावलीने अक्षर पाहिले तर ती फसते. येथे तिने कळेचेच नाव पाहावे, म्हणजे मांडणी कोणतीही असो, साठवण होईल. मजकुरासाठी अक्षर, हुकुमासाठी कळेचे नाव, आणि खेळातल्या हालचालीसाठी कळेची जागा: ज्याचा कागद त्याच्याच टेबलावर गेला पाहिजे. कळ दाबून धरल्यावर प्रणाली तीच वर्दी पुनःपुन्हा पाठवू लागते, वेग वाढविला तर सेकंदाला तिसापर्यंत. ‘नोंद रद्द करा’ हा हुकूम तेवढ्या वेळा अमलात यावा काय? ती कळ आधीपासूनच दाबलेली होती, याची खूण विंडोजच्या वर्दीत असते. ती वाचावी.

आमची मुले ३० आणि ४० शब्दांच्या गतीच्या परीक्षा संगणकावर देतात, राज्य परीक्षा परिषदेची प्रमाणपत्रे मिळवितात, आणि मग अशा एखाद्या आज्ञावलीपुढे त्यांना बसविले जाते, जी त्यांची बोटे अडवते. मग ठपका कोणावर? टंकलेखकावर! म्हणून पतसंस्थांच्या, ग्रामपंचायतींच्या, कारखान्यांच्या ज्या पदाधिकाऱ्यांकडे खरेदीचे अधिकार आहेत, त्यांना माझी विनंती आहे. विक्रेता यंत्र घेऊन येईल तेव्हा त्याचे रंगीत प्रात्यक्षिक बाजूस ठेवा आणि आपल्या कचेरीतल्या टंकलेखकास खुर्चीवर बसवा. त्याला इनस्क्रिप्टमध्ये ‘दुसऱ्या’ लिहू द्या, ‘दौंड’मधला अनुस्वार बॅकस्पेसने पुसू द्या, गट क्रमांकाच्या रकान्यात शिफ्टसह सात दाबू द्या, मराठी मांडणीत असतानाच कंट्रोल-एस करू द्या, आणि छपाई चालू असताना एंटर तीनदा दाबू द्या. पाच मिनिटांचे काम आहे. या परीक्षेत जी आज्ञावली नापास होईल, तिचे देयक मंजूर करू नका.